आधी मोजा, मग पाना उचला

शाळेच्या मागच्या आवारात चिंचेखाली उभा असलेला जुना लष्करी ट्रक भंगारात द्यावा की ठेवावा, हा विषय कार्यकारिणीच्या येत्या बैठकीपुढे आहे. ट्रक ठेवावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. बैठकीत प्रत्येकाला पाच मिनिटे मिळतात आणि त्यातली तीन चहात जातात. म्हणून आमची कारणे विश्वस्त, पालक आणि विद्यार्थी या तिघांपुढे येथे सविस्तर मांडत आहोत.

ट्रकवर आक्षेप तीन आहेत. तो जागा अडवतो, ऐन वेळेला सुरू होत नाही आणि त्याच्या दुरुस्तीवर शाळेचा पैसा जातो. जागेचे म्हणावे तर त्या कोपऱ्यात ट्रक येण्याआधी तुटके बाक पडलेले होते. उरलेले दोन आक्षेप मात्र खरे आहेत आणि त्यांचे मूळ एकच आहे. ते मूळ गेल्या सत्रात नववी-दहावीच्या मुलामुलींनी शोधून काढले. ते कसे शोधले, हाच या लेखाचा विषय आहे आणि आमच्या मताचा आधारही तोच आहे.

जबलपूरकरांना लष्करी ट्रकचे नवल नाही. १९०४ साली येथे गन कॅरेज फॅक्टरी उभी राहिली. १९५९ पासून जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने येथे शक्तिमान ट्रक बनू लागले. १९६९ मध्ये व्हेइकल फॅक्टरी स्थापन झाली. ‘जोंगा’ या गाडीच्या नावातले पहिले अक्षर आपल्या शहराचे आहे. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन हे कारखाने वेगवेगळ्या सरकारी कंपन्यांकडे गेले, तरी आपल्या समाजातल्या कितीतरी घरांत आजही आजोबांची ओळख ‘फॅक्टरीत होते’ अशीच करून दिली जाते. आपला ट्रक एका माजी विद्यार्थ्याने सेनेच्या लिलावात घेतला आणि शाळेला वापरायला दिला. पंधरा ऑगस्टचा चित्ररथ आणि गणपतीची मिरवणूक ही त्याची वर्षाची दोन मुख्य कामे. मूळचा डायनमो काढून त्यावर कोणीतरी आधीच अल्टरनेटर बसवलेला होता.

गेल्या तीन वर्षांत या ट्रकला दोन अल्टरनेटर बदलले गेले, एक कटआउट म्हणजे रेग्युलेटर बदलला गेला आणि तीन बॅटऱ्या घेतल्या गेल्या, त्याही एकेक करून. दर वेळी ट्रक काही आठवडे छान चालला आणि पुन्हा सेल्फ मारला की नुसता ‘कट्’ आवाज. दर वेळी निदान एकच होते, ‘चार्जिंग होत नाही’. खरे तर हे निदान नाही, ही तक्रार आहे. ताप आला असे सांगणाऱ्या रोग्याला वैद्याने ‘तुम्हाला ताप आहे’ एवढेच सांगून फी घ्यावी, तसे हे झाले.

चार्जिंग होत नाही म्हणजे नेमके काय होत नाही? हे कळायला आधी थोडे विज्ञान पाहू. दहावीच्या विद्यार्थ्यांना यात नवीन काही नाही.

शिशाच्या बॅटरीतला एक सेल पूर्ण भरलेला असला की सुमारे २.१ व्होल्ट देतो. सहा सेल मिळून १२.६ व्होल्ट होतात आणि तिला आपण बारा व्होल्टची बॅटरी म्हणतो. लष्करी ट्रकमध्ये अशा दोन बॅटऱ्या एकीच्या धन टोकाला दुसरीचे ऋण टोक लावून, म्हणजे एकसर जोडतात आणि चोवीस व्होल्ट मिळवतात. चोवीस कशासाठी? तेवढीच शक्ती दुप्पट विभवांतराने पाठवली की विद्युतधारा निम्मी लागते आणि तारेत वाया जाणारी उष्णता धारेच्या वर्गाप्रमाणे घटून चौथाई होते. थंडीत जड डिझेल इंजिन फिरवायचे असेल तर हा हिशेब फार कामाचा आहे.

अल्टरनेटर इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो. आत फिरणारा विद्युतचुंबक आणि बाहेर स्थिर वेटोळी असतात. त्यातून निघणारी धारा प्रत्यावर्ती असते, ती डायोडमधून जाऊन एकदिश होते आणि बॅटरीला मिळते. फिरत्या चुंबकाला किती धारा द्यायची हे रेग्युलेटर ठरवतो. चोवीस व्होल्टच्या गाडीत इंजिन चालू असताना बॅटऱ्यांवर साधारण साडेसत्तावीस ते साडेअठ्ठावीस व्होल्ट दिसले पाहिजेत. फार कमी दिसले तर बॅटरी उपाशी राहते आणि फार जास्त दिसले तर ती उकळून पाणी गमावते.

इथे डॅशबोर्डवरच्या लहानशा लाल दिव्याकडे मुलांचे लक्ष मुद्दाम वेधले पाहिजे. बहुतेक अल्टरनेटरना सुरुवातीला चुंबक जागा करायला थोडी धारा लागते आणि ती बॅटरीकडून याच दिव्यातून येते. चावी फिरवली की दिवा लागतो. इंजिन सुरू होऊन अल्टरनेटर काम करू लागला की दिव्याच्या दोन्ही टोकांना सारखेच विभव येते, विभवांतर उरत नाही आणि दिवा विझतो. आता हा बल्बच उडालेला असेल तर? पुष्कळ गाड्यांत अल्टरनेटर धडधाकट असूनही जागा होत नाही. काही रुपयांच्या बल्बपायी अख्खा अल्टरनेटर बदललेल्या गाड्या या देशात थोड्या नसतील.

तर गेल्या सत्रात काय झाले? आपल्या समाजातले एक निवृत्त कारखाना-कर्मचारी, ज्यांना मुले ‘काका’ म्हणतात, दोन शनिवार शाळेत आले. मुलांना वाटले, काका येतील आणि इंजिनवर चढतील. काकांनी पान्यांची पेटी उघडलीच नाही. त्यांनी फळ्यावर तपासणीचा क्रम लिहिला आणि नियम घातला की, जोपर्यंत वहीत आकडा नाही तोपर्यंत एकही बोल्ट सैल करायचा नाही. कोणी तर्क लढवू लागले की काका एवढेच विचारत, “मीटर काय म्हणतो?”

पहिली पायरी बॅटरीची. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या बॅटऱ्या मुलांनी सकाळी मोजल्या. दोन्ही मिळून २४.९ व्होल्ट. आकडा वाईट नाही असे म्हणून पुढे जाता आले असते. पण एका मुलीने दोघींचे वेगवेगळे माप घेतले. खडूने एकीवर ‘क’ आणि दुसरीवर ‘ख’ लिहिले. ‘ख’ म्हणजे जिचे ऋण टोक ट्रकच्या सांगाड्याला जोडलेले आहे ती. ‘क’ निघाली १२.८ आणि ‘ख’ निघाली १२.१. एकाच गाडीतल्या, एकाच धारेवर जगणाऱ्या दोघींत एवढे अंतर का, हा प्रश्न वहीत लिहून ठेवला. हायड्रोमीटरनेही तेच सांगितले. ‘क’ची घनता १.२७५ आणि ‘ख’ची १.१९०. शिवाय ‘क’मधले पाणी पातळीच्या खाली गेलेले होते.

दुसरी पायरी पट्ट्याची. तो सैल असेल तर भार वाढताच घसरतो, चिरकतो आणि आतून काचेसारखा चकचकीत होतो. आपला पट्टा ठीक होता. तिसरी पायरी दिव्याची. चावी फिरवल्यावर लागला, इंजिन सुरू झाल्यावर विझला. म्हणजे अल्टरनेटर जागा होत होता.

चौथी पायरी चालू इंजिनवरची. पुढचे दिवे लावून, इंजिनचा वेग थोडा वाढवून मुलांनी अल्टरनेटरवर माप घेतले, २८.४ व्होल्ट. म्हणजे ज्याला तीन वर्षे दोषी धरले तो निर्दोष होता! तेच माप बॅटऱ्यांच्या दोन टोकांवर घेतले तर २७.१. मधले १.३ व्होल्ट गेले कुठे?

पाचवी पायरी या हरवलेल्या व्होल्टचा शोध घेण्याची. मल्टिमीटरची एक सळई अल्टरनेटरच्या धन टोकाला आणि दुसरी बॅटरीच्या धन टोकाला लावली, तर ०.२ व्होल्ट. जाड तारेत एवढे चालते. मग एक सळई अल्टरनेटरच्या अंगाला आणि दुसरी बॅटरीच्या ऋण टोकाला लावली, तर १.१ व्होल्ट. चोर सापडला. इंजिन आणि सांगाडा यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी कोणीतरी रंगावरच घट्ट आवळली होती आणि खाली गंज धरला होता. वरून पाहणाऱ्याला बोल्ट पक्का दिसत होता. विजेला मात्र रस्ता अरुंद झाला होता.

ओहमचा नियम पाठ असलेली मुले पुष्कळ असतात. तो डोळ्यांपुढे दिसला की त्याची गोडी वेगळीच असते. गंजलेल्या जोडाचा रोध फक्त ०.०५ ओहम धरा. साधा मीटर तो धड दाखवतही नाही. पण त्यातून ४० अँपिअर धारा गेली की २ व्होल्ट तेथेच खर्च होतात आणि ८० वॅट उष्णता त्या एका बोल्टवर निघते. म्हणूनच हा दोष गाडी बंद असताना रोध मोजून सापडत नाही. धारा वाहत असताना विभवांतर मोजावे लागते. रंग खरवडून, धातू उजळून, पट्टी पुन्हा बसवली. आता त्याच ठिकाणी ०.१ आणि बॅटऱ्यांवर २८.१ व्होल्ट. टाळ्या झाल्या. काकांनी टाळ्या थांबवल्या आणि पहिल्या दिवशीच्या वहीतला तो न सुटलेला प्रश्न वाचून दाखवला. ‘क’ आणि ‘ख’मध्ये अंतर का?

इंजिन चालू ठेवून दोघींचे पुन्हा वेगवेगळे माप घेतले. ‘क’ १५.२ आणि ‘ख’ १२.९. बेरीज २८.१, अगदी हवी तेवढी. पण ‘क’ उकळत होती आणि ‘ख’ उपाशी होती. रेग्युलेटरला फक्त दोन टोकांमधली बेरीज दिसते. घरात धान्य मोजून आले म्हणजे ते सर्वांच्या ताटात सारखे पडले असे होत नाही, हे सांगायला इथे सासू-सुनेची गोष्ट लागली नाही, मीटर पुरला.

वाटणी बिघडवली कोणी? ‘ख’च्या धन टोकापासून निघालेली एक बारीक लाल तार सीटखालून मागे जात होती. ती मिरवणुकीच्या ध्वनिक्षेपकाची. अँप्लिफायर बारा व्होल्टचा, ट्रक चोवीसचा. मग उत्साही कार्यकर्त्यांनी सोपा मार्ग काढला होता, दोनपैकी एकाच बॅटरीतून तार घेतली. त्यातही मध्ये स्विच नव्हता. गाडी बंद, मिरवणूक संपलेली, तरी अँप्लिफायर ०.४ अँपिअर खातच होता. दिवसाला ९.६ अँपिअर-तास! शंभर अँपिअर-तासांची नवी कोरी बॅटरी दहा-अकरा दिवसांत रिकामी. ‘ख’ दर वेळी रिकामी होई. मग इंजिन सुरू झाल्यावर दोघींतून सारखीच धारा जाई, आधीच भरलेली ‘क’ उकळे आणि ‘ख’ अर्धपोटी राहून तिच्या पाट्यांवर सल्फेट धरे. पुढे कोणीतरी दोहोंपैकी एकच बॅटरी नवी आणी. नवी-जुनी अशी विजोड जोडी झाली की बिघाड आणखी वाढे. अल्टरनेटर बदलल्यावर ट्रक काही आठवडे चाले, कारण त्या वेळी बॅटऱ्या बाहेरून चार्ज करून बसवल्या जात. श्रेय अल्टरनेटरला मिळे.

हा दोष आपल्याच ट्रकचा नाही. चोवीस व्होल्टच्या गाडीत बारा व्होल्टची वस्तू कशी चालवायची, हा जगभरच्या जुन्या लष्करी गाड्यांचा प्रश्न आहे. अमेरिकी सेनेने १९८० च्या दशकात शेवरोले बनावटीच्या साध्या पिकअप गाड्या डिझेल इंजिनसह लष्करी कामासाठी घेतल्या. त्यांचे दिवे बारा व्होल्टचे, पण सेल्फ चोवीसचा. त्यांनी काय केले? प्रत्येक गाडीत दोन अल्टरनेटर बसवले. एक अल्टरनेटर खालच्या बॅटरीला भरी आणि दुसरा वरच्या बॅटरीला. दुसऱ्याचे ऋण टोक सांगाड्याला न जोडता वेगळे ठेवलेले असे. डॅशबोर्डवर दोन वेगळे दिवे, म्हणजे कोणता अल्टरनेटर आजारी आहे ते पाहताच कळे. म्हणजे बेरजेवर विश्वास न ठेवता त्यांनी प्रत्येकीच्या ताटावर वेगळा वाढपी नेमला. खर्च वाढला, पट्टे आणि तारा वाढल्या, पण वाटणी सरळ झाली.

आपल्याला दुसऱ्या अल्टरनेटरची गरज नाही. लाल तार काढली आहे. दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या पूर्ण चार्ज केल्या आहेत. ‘ख’ सावरली नाही तर एकाच दिवशी, एकाच बनावटीची नवी जोडी घ्यावी लागेल. मिरवणुकीच्या अँप्लिफायरसाठी चोवीसचे बारा करणारा कन्व्हर्टर लावायचा, स्विच आणि फ्यूजसह. दोन अल्टरनेटर आणि तीन बॅटऱ्यांवर गेलेल्या पैशांपुढे ही रक्कम अगदी लहान आहे. आमचा मुद्दा मात्र पैशांपुरता नाही.

मुलांनी आणखी एक गोष्ट काकांना विचारली होती. ‘इंजिन चालू ठेवून बॅटरीची तार काढायची, गाडी बंद पडली नाही तर अल्टरनेटर चांगला’, ही परीक्षा त्यांनी रस्त्यावर पाहिली होती. काकांनी ती करू दिली नाही, कारण मात्र सांगितले. जुन्या डिझेल इंजिनचा इंधनपंप यांत्रिक असतो. ते एकदा सुरू झाले की चालत राहायला वीज लागतच नाही. म्हणजे अल्टरनेटर मेलेला असला तरी गाडी चालूच राहील आणि परीक्षा पास! उलट अल्टरनेटर काम करत असेल तर बॅटरी अचानक तुटल्याने विभवांतर क्षणभर फार उंच उसळी घेते आणि त्यात डायोड जळू शकतात. म्हणजे या परीक्षेत नापास असणारा पास होतो आणि पास असणारा जीव गमावतो. अशा परीक्षा शिक्षणक्षेत्रातही आहेत, पण तो विषय पुन्हा केव्हातरी.

आता खऱ्या प्रश्नाकडे येऊ. एका ट्रकच्या अर्थिंगचा आणि शाळेचा संबंध काय?

पालकहो, आम्ही दरवर्षी पाहतो की मूल गणितात मागे पडले की आधी ट्यूशन बदलली जाते. मग दुसरी लावली जाते. मग माध्यम बदलण्याचा विचार सुरू होतो, मग शाळा बदलण्याचा. हे सगळे अल्टरनेटर बदलणे आहे. मुलाला मागच्या बाकावरून फळा दिसतो का? पाचवीतले अपूर्णांक पक्के आहेत का? रात्री तो किती वाजता झोपतो? घरात वही तपासायला कोणी बसते का? हे मोजायला मोठा खर्च नाही, पण कोणी मोजत नाही. आणि एकूण टक्केवारी पाहून निर्धास्त राहणारेही आहेत. ऐंशी टक्के आले म्हणजे सगळे ठीक. पण ती बेरीज आहे. एका विषयात पंचाण्णव आणि एका विषयात काठावर पास, अशा मुलाला दोन्हीकडे त्रास होत असतो. एकीकडे ताण, एकीकडे न्यूनगंड. दोघींना वेगवेगळे मोजावे लागते.

प्रामाणिकपणे निदान करण्याची सवय व्याख्यानाने लागत नाही. ती हाताने काम करताना लागते, जिथे चूक असेल तर वस्तू स्वतःच चूक म्हणून सांगते. पुस्तकातल्या प्रयोगाचे उत्तर मुलांना आधीच माहीत असते. उत्तराला जुळतील असे आकडे वहीत भरण्याची कला आपली मुले फार लवकर शिकतात. ट्रकचे उत्तर कोणालाच माहीत नव्हते, शिक्षकांनाही नाही. म्हणून वहीतला आकडा खरा लिहावा लागला. ज्या मुलीने ‘क’ आणि ‘ख’ वेगळे मोजले तिला ‘असे कर’ असे कोणी सांगितले नव्हते. तिला बेरजेवर शंका आली. विज्ञान शिकवून अखेर मिळवायचे काय असते? हीच शंका.

यावर काही आक्षेप येतात, त्यांना उत्तर देणे आमचे कर्तव्य आहे.

‘आमच्या मुलाला मिस्त्री व्हायचे नाही.’ ठीक आहे, न होवो. पण डॉक्टर, वकील, हिशेबनीस, प्रोग्रामर, यांतला कोणता धंदा असा आहे जिथे तक्रार आणि कारण यांतला फरक ओळखावा लागत नाही? आणि मिस्त्री झाला तर त्यात कमीपणा काय? ज्या पिढीच्या पगारावर आपल्या समाजाची घरे उभी राहिली ती पिढी हातात पाना घेऊनच उभी होती.

‘ट्रकपेक्षा संगणक घ्या.’ संगणक हवेतच आणि त्यासाठी वेगळी मागणी आम्ही केलेली आहे. चिंचेखालच्या जागेत संगणक बसत नाहीत. शिवाय नव्या युगाची वीज काही निराळी नाही. आपल्या रस्त्यांवर ज्या ई-रिक्षा धावतात त्यांतल्या पुष्कळांत बारा व्होल्टच्या चार बॅटऱ्या एकसर असतात आणि एक कमजोर झाली की चारही बसतात, हे चालवणाऱ्याला चांगले माहीत असते. विजेवर चालणाऱ्या मोटारीच्या बॅटरीत तर कितीतरी सेल एकसर असतात आणि प्रत्येकाचे विभवांतर वेगळे मोजून ते समतोल राखण्यासाठी खास इलेक्ट्रॉनिक यंत्रणा लागते. आपल्या मुलांनी खडूने ‘क’ आणि ‘ख’ लिहून जे केले, तेच काम ती यंत्रणा रात्रंदिवस करते.

‘धोका आहे.’ हा आक्षेप आम्हांस सर्वांत योग्य वाटतो. चोवीस व्होल्टचा झटका बसत नाही, पण पाना चुकून दोन टोकांमध्ये अडकला तर तो लाल होईपर्यंत तापतो. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तो ठिणगीने भडकतो. आत गंधकाम्ल असते. फिरता पट्टा बोटे किंवा ओढणी ओढून घेतो. म्हणून नियम लिहून भिंतीवर लावले आहेत. हातात अंगठी, कडे, घड्याळ नको. डोळ्यांना चष्मा हवा. तार काढताना आधी ऋण, जोडताना ऋण शेवटी. चालू इंजिनजवळ एका वेळी दोनच विद्यार्थी आणि शेजारी शिक्षक. धोका कळावा आणि तो सांभाळून काम करता यावे, हेही शिक्षणच आहे.

एक गोष्ट भाषेबद्दल. आम्ही स्वतः विज्ञान हिंदीतून शिकलो. तेव्हा ‘प्रतिरोध’ पाठ केला, येथे येऊन ‘रोध’ शिकवला, पुस्तके ‘रेझिस्टन्स’ म्हणतात आणि मिस्त्री म्हणतो, ‘तार में दम नहीं आ रहा’. त्या दोन शनिवारी मुले हे चारही शब्द एकाच बोल्टसाठी वापरत होती आणि कोणाचाही गोंधळ होत नव्हता. शब्दांवरून आपल्याकडे पुष्कळ भांडणे होतात. वस्तू समोर असली की शब्द आपोआप जागेवर बसतात. आपल्या मराठी शाळेने मराठी टिकवायची असेल तर ती प्रार्थनेत आणि स्नेहसंमेलनात जशी टिकवायची तशीच ट्रकच्या बॉनेटखालीही टिकवावी लागेल.

म्हणून कार्यकारिणीपुढे आमच्या मागण्या चार.

१. ट्रक निदान पुढचे पूर्ण शैक्षणिक वर्ष शाळेत राहावा. त्यानंतर वही पाहून पुन्हा निर्णय घ्यावा.

२. यापुढे ट्रकवरच काय, शाळेच्या पाण्याच्या मोटारीवर किंवा पंख्यांवरही दुरुस्तीचा खर्च मंजूर करताना सोबत तपासणीचा कागद असावा. काय मोजले, किती निघाले, त्यावरून काय ठरले. कागद नाही तर मंजुरी नाही.

३. नववीच्या प्रत्येक चार विद्यार्थ्यांमागे एक साधा मल्टिमीटर घ्यावा. मुलगे आणि मुली यांना सारखेच काम मिळावे. मुलींनी नोंदी ठेवायच्या आणि मुलांनी बोल्ट फिरवायचे अशी वाटणी आम्ही चालू देणार नाही.

४. महिन्यातले दोन शनिवार समाजातल्या निवृत्त कारागिरांसाठी राखून ठेवावेत. त्यांच्याजवळचे ज्ञान कोणत्याही पुस्तकात नाही आणि ते आणखी फार वर्षे आपल्यात असेल असे धरून चालता येणार नाही.

विद्यार्थ्यांना एवढेच सांगणे की तुमच्या वह्या आम्ही कपाटात ठेवलेल्या नाहीत. त्या बैठकीत टेबलावर असतील. त्यांतले आकडे कोणीही तपासावेत.

विश्वस्तांना विनंती ही की बैठकीच्या आधीच्या शनिवारी सकाळी दहा वाजता चिंचेखाली यावे. ट्रक त्याआधी पूर्ण दहा दिवस न हलवता उभा असेल. नवव्या इयत्तेतला कोणीही एक विद्यार्थी तुमच्यासमोर आधी दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजेल, आकडा फळ्यावर लिहील आणि मग सेल्फ मारेल. ट्रक सुरू होवो वा न होवो, फळ्यावरचा आकडा काय सांगतो ते मुलांकडून ऐकून घ्यावे आणि त्यानंतर आपले मत द्यावे.

– प्राचार्य